शेजारच्या घरी पिस्तूल आहे, विचारू कसं?

पत्र:

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला राहतो. मूळचे नाशिकचे. मागच्या वर्षी आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. समोरच्या घरातला मुलगा त्याचा जिवलग मित्र. रोज संध्याकाळी दोघं एकमेकांकडे असतात. त्याचे आईवडील फार चांगले आहेत. आम्ही राहायला आलो तेव्हा सगळ्यात आधी तेच भेटायला आले होते. गेल्या आठवड्यात मुलगा जेवताना सहज बोलून गेला की मित्राच्या बाबांच्या पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये पिस्तूल आहे. त्याने पाहिलं नाही, मित्राने सांगितलं. येत्या शनिवारी त्याच घरी वाढदिवस आहे आणि मुलं रात्री तिथेच झोपणार आहेत. मला विचारायचंय, पण नवरा म्हणतो, "इथे असं विचारत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. आपण बाहेरून आलेली माणसं, चांगले संबंध कशाला बिघडवायचे?" वर आता तो स्वतःच पिस्तूल घ्यायचं म्हणतोय, कारण दिवाळीत ओळखीच्या दोन मराठी घरांत चोरी होऊन सोनं गेलं. शाळेत गोळीबार झाला तर लपायचं कसं याची ड्रिल झाल्यापासून मुलगा रात्री विचारतो, "आई, लपलेलो असताना खोकला आला तर?" मला काही सुचत नाही.
एक आई, प्लेनो

उत्तर:

ताई, विचारा. शनिवारच्या आधी विचारा. बाकीचं सावकाश बोलू, हे काम आधी करा.

समोरासमोर अवघड वाटत असेल तर मित्राच्या आईला मेसेज करा. मुलगा वाढदिवसाची किती वाट पाहतोय ते लिहा. त्याला खाण्यातलं काही चालत नसेल, रात्री दिवा लागत असेल, तर तेही सांगा. मग त्याच ओघात लिहा, "तो कुठेही राहायला जाणार असला की मी सगळ्यांनाच एक गोष्ट विचारते. घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना, रिकामी आहे ना आणि गोळ्या वेगळ्या कुलपात आहेत ना?" इथल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी वर्षानुवर्षं याच तीन गोष्टी सांगत आली आहे. पालकांनी हा प्रश्न विचारायला शिकावं म्हणून 'आस्किंग सेव्ह्ज किड्स' नावाची मोहीमही चालते. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं विचारत नाही आहात. अनेक अमेरिकन आयांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला आहे, आणि ज्यांच्या घरी बंदुका आहेत अशा अनेकांनी त्याचं सरळ उत्तरही दिलं आहे. जो शस्त्र नीट सांभाळतो त्याला ते कुठे आणि कसं ठेवलंय हे सांगायला जड जात नाही.

उत्तर "हो, तिजोरीत कुलूपबंद आहे" असं आलं, तर आभार माना आणि त्यांना फोन करून हळूच सांगा की मुलांच्या बोलण्यात ड्रॉवरचा उल्लेख आला होता, एकदा बघून घ्या. त्या पोराला रागावू नका, अशी विनंतीही करा. हे सांगणं टाळू नका. आपल्या मुलाला बंदुकीची जागा ठाऊकच नाही, असं बहुतेक आईवडील धरून चालतात आणि मुलाला ती ठाऊक असते. तुम्ही त्यांना देताय ती माहिती त्यांच्या मुलाचा जीव वाचवू शकते.

उत्तर गोलमोल आलं, "आमच्या मुलांना माहितीये, ती हात लावत नाहीत" असं आलं, किंवा आलंच नाही, तर मुलाला वाढदिवसाला आनंदाने पाठवा. केक, खेळ, सगळं होऊ दे, तोवर तुम्हीही तिथेच थांबा आणि झोपायच्या वेळी त्याला घरी आणा. पुढच्या आठवड्यात मित्राला तुमच्याकडे राहायला बोलवा. मैत्री तोडायची नाही, फक्त खेळायची जागा बदलायची.

"शिकवलेलं मूल हात लावत नाही" यावर विसंबू नका. २००१ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना एका खोलीत सोडलं आणि ड्रॉवरमध्ये एक खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या बहुतेकांनी ते हातात घेतलं. काहींनी घोडाही ओढला. खरं की खेळण्यातलं, हे अनेकांना ओळखता आलं नाही. हातात घेणाऱ्यांतल्या जवळपास सगळ्यांना बंदुकीबाबत कधीतरी बजावलेलं होतं. ही कुणी वाया गेलेली पोरं नव्हती. आठ वर्षांचं मूल असंच वागतं. तुमच्या मुलाला जरूर सांगा की बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर पडायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. पण जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. कुलूप लावणं हे मोठ्यांचं काम आहे.

आणि हा प्रश्न खरंच सगळ्यांना विचारा. मराठी मित्रमंडळींनाही. आपल्या लोकांच्या घरी नसेलच, असं समजू नका. तुमच्याच घरी आता विषय निघालाय.

आता तुमच्या यजमानांच्या वाक्याकडे येते, कारण या पत्रातलं मला सर्वात जास्त टोचलेलं वाक्य ते आहे. "इथे असं विचारत नाहीत." ते चूक निरीक्षण नाही. खरंच पुष्कळ लोक विचारत नाहीत. पण हा काही टेक्सासच्या मातीतला रिवाज नाही. हे न विचारणं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कायदे करून, पैसा ओतून, निवडणुका लढवून तयार केलेलं आहे. कसं, ते सांगते.

नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकमालकांची संघटना १८७१ मध्ये स्थापन झाली ती लोकांना नेमबाजी शिकवायला. १९३४ मध्ये तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी काँग्रेससमोरच्या, म्हणजे इथल्या संसदेसमोरच्या, साक्षीत सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांनी शस्त्र बाळगत फिरणं आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध हवेत आणि परवाना हवा. आजच्या टेक्सासमध्ये हे बोलणारा माणूस बंदूकविरोधी ठरेल. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत जहाल गटाने संस्था ताब्यात घेतली आणि तिथून तिचा मुख्य उद्योग राजकारण हा झाला. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला मनाई केली. ती मनाई आजही आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक मुळात कुणाला विकली होती हे शोधायला वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग इथे एक केंद्र आहे. तिथले कर्मचारी बंद पडलेल्या दुकानांच्या जुन्या नोंदी चाळत बसतात, कारण मालकाच्या नावाने शोधता येईल अशी यादी करणं बेकायदा आहे.

मग संशोधन. नव्वदीच्या सुरुवातीला सरकारी पैशातून झालेल्या अभ्यासांत दिसलं की घरात बंदूक असली की त्या घरातल्या माणसाचा खून होण्याची शक्यता वाढते, आत्महत्येचीही वाढते. १९९६ मध्ये अर्कान्सासचे रिपब्लिकन खासदार जे डिकी यांच्या दुरुस्तीने सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राला (सीडीसी) तंबी मिळाली की बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार होईल असा एकही पैसा खर्च करायचा नाही. त्या अभ्यासांवर जेवढा खर्च होत होता, तेवढीच २६ लाख डॉलरची रक्कम केंद्राच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या कामाकडे वळवली गेली. इशारा सगळ्यांना समजला. पुढची वीसेक वर्षं या विषयाला हात लावायला शास्त्रज्ञ कचरत राहिले. २०१२ मध्ये डिकी यांनी स्वतः जाहीर लेख लिहून म्हटलं की असं संशोधन व्हायला हवं. हा लेख त्यांनी मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत लिहिला. त्या केंद्रात हे संशोधन रोझेनबर्गच चालवत होते आणि डिकी त्यांचे कट्टर विरोधक होते. या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पण सरकारी निधी पुन्हा मिळायला २०१९ चा डिसेंबर उजाडला, तोही अडीच कोटी डॉलर. एवढ्या मोठ्या देशात हजारो माणसं मारणाऱ्या कारणासाठी.

फ्लॉरिडाने तर २०११ मध्ये डॉक्टरांवरच बंधन घातलं. "घरात बंदूक आहे का?" हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाने आईला विचारला, तर त्याचा परवाना धोक्यात येऊ शकत होता. संघीय अपील न्यायालयाने तो भाग रद्द केला २०१७ मध्ये. मधली सहा वर्षं डॉक्टर आणि राज्य सरकार हा प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी भांडत होते. तुम्ही जो प्रश्न विचारायला संकोचताय, तोच.

अजून एक. ग्राहकांच्या वापरातल्या वस्तू सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहायला १९७२ च्या कायद्याने इथे एक आयोग नेमला. पाळणा, सायकलचं हेल्मेट, खेळण्यातलं पिस्तूल, सगळं त्याच्या कक्षेत येतं. खरं पिस्तूल त्यातून वगळलेलं आहे. २००५ च्या कायद्याने बंदूक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिलं. मोटारींच्या बाबतीत याच देशाने नेमकं उलट केलं. पट्टे, एअरबॅग, मुलांच्या सीट, दारू पिऊन चालवण्यावर कारवाई, प्रत्येक अपघाताची नोंद. त्यामुळे मोटार अपघातांत मरणाऱ्या मुलांची संख्या दशकानुदशकं उतरत गेली. २०२० मध्ये एक ते एकोणीस वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूंत बंदुकीने मोटारीला मागे टाकलं. तेव्हापासून या वयोगटातलं मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. जगातल्या इतर कुठल्याही श्रीमंत देशात असं नाही. "तुमच्या गाडीत माझ्या मुलाला बसवायला सीट आहे ना?" असं आपण शेजाऱ्याला बेधडक विचारतो आणि त्यालाही राग येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला आपली जीभ अडखळते, ती अडखळावी म्हणूनच एवढी खटपट झाली आहे.

राहिला "हक्क आहे" हा मुद्दा. हो, आहे. २००८ च्या हेलर निकालाने सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला. मला तो निकाल पटलेला नाही, पण कायदा तो आहे आणि शेजाऱ्याचा हक्क मी नाकारत नाही. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं आहे की अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसं ठेवावं याचे कायदे या निकालाने अवैध ठरत नाहीत. आणि खुद्द टेक्सासमध्ये, जिथे २०२१ च्या सप्टेंबरपासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं, तिथेही निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो गुन्हा आहे. म्हणजे कुलपाची अपेक्षा टेक्सासच्या कायद्यातच आहे. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर ती पोराच्या जिवाशी गाठ घालते.

"आपण बाहेरून आलेली माणसं" हे तर मला अजिबात मान्य नाही. कर तुम्ही भरता, शाळेत मूल तुमचं जातं. शेजारीण सगळ्यात आधी तुमच्या दारात आली ती तुम्हाला शेजारी मानून. तिच्याशी शेजाऱ्यासारखंच बोला.

आता तुमच्या घरातलं पिस्तूल. चोरीची भीती खरी आहे. भारतीय घरांत सोनं असतं हे चोरांना माहीत झालं आहे आणि दिवाळीत, लग्नसराईत पाळत ठेवून घरं फोडल्याच्या बातम्या अनेक राज्यांतून येतात. आईने दिलेल्या पाटल्या, सासूबाईंचा राणीहार गेला की पैशांपेक्षा मोठं काहीतरी जातं. तुमच्या यजमानांचा संताप मला समजतो. पण ही चोरी होते कशी? घरी कुणी नसताना. सगळे मंडळाच्या कार्यक्रमाला गेलेले असताना. तेव्हा पिस्तूल ड्रॉवरमध्ये पडून असणार, आणि सोन्याबरोबर तेही जाणार. चोरीला गेलेली बंदूक पुढे कुठल्या हातात जाते याचा विचार करा.

सोन्यासाठी सोपं काम करा. नेहमीच्या वापरातलं सोडून बाकी सगळं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. घराच्या साध्या विम्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांचे साधारण दीड हजार डॉलरच मिळतात, म्हणून दागिन्यांची वेगळी नोंद करून जादा विमा घ्या. फोटो आणि पावत्या जपून ठेवा. दिव्यांना टायमर लावा. कार्यक्रमाला निघताना फोटो टाकू नका, परतल्यावर टाका. आणि समोरच्या त्या चांगल्या शेजाऱ्यांना "आज घरी नाही, लक्ष ठेवा" असं सांगून जा. ज्यांच्याशी मोकळं बोलता येतं तेच शेजारी असे उपयोगी पडतात.

पिस्तुलाचा हिशेब मात्र मला तुमच्यासमोर स्पष्ट मांडायचा आहे, कारण दुकानात तो कुणी सांगत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांतल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या आठपट होतं. स्त्रियांत ते पस्तीसपट होतं. दुसऱ्या मार्गांनी आत्महत्या करण्याचं प्रमाण मात्र या माणसांत जास्त नव्हतं. मनातली वाईट वेळ अनेकदा काही मिनिटांची, काही तासांची असते आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. गोळ्या खाल्लेल्या माणसाला बहुधा वाचवता येतं. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ प्राणघातक ठरतात. जी माणसं अशा प्रयत्नातून वाचतात, त्यांतली बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

तुमचा मुलगा आज आठ वर्षांचा आहे. सहा-सात वर्षांनी तो हायस्कूलमध्ये असेल. गुण, कॉलेजचे अर्ज, मित्रांत एकटं पडणं, आईवडिलांना सांगता न येणाऱ्या गोष्टी. आपल्या घरांतून मुलांच्या मनाच्या दुखण्याबद्दल किती कमी बोललं जातं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिस्तूल घरात येतं ते अनोळखी चोरासाठी, पण पुढची सगळी वर्षं त्याच्याबरोबर राहतात ती घरची माणसं. नोकरी गेलेला बाप, बाळंतपणानंतर खचलेली बायको, पंधरा वर्षांचा मुलगा. नवऱ्याला हे तुमच्या शब्दांत सांगा. आकड्यांवरून वाद घालू नका, मुलाचं नाव घेऊन बोला. (हे वाचताना कुणाच्या मनात असे विचार येत असतील तर अमेरिकेत ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन करा किंवा मेसेज पाठवा.)

तरीही घ्यायचंच ठरलं, तर तिजोरी आधी घ्या आणि पिस्तूल नंतर. मिशिगनमध्ये २०२१ च्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलासाठी पिस्तूल घेतलं. चार दिवसांनी मुलाने ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये चार विद्यार्थी मारले. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. या देशात शाळेतल्या गोळीबारासाठी पालकांना असं दोषी ठरवण्याची ती पहिलीच वेळ. आणि जे वाचक अजून एच-१बी किंवा दुसऱ्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत त्यांनी लक्षात ठेवावं, की शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने त्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे. मित्राने हौसेने हातात दिली, तरी आधी वकिलाला विचारा.

खोकल्याचा प्रश्न. तो वाचून मला बराच वेळ पुढे वाचता आलं नाही. आठ वर्षांच्या मुलाने असा विचार करायला लागावं, हे आपण सगळ्या मोठ्यांनी मिळून त्याच्यावर लादलं आहे. त्याला "असं काही होणार नाही" असं सांगू नका, कारण मग ड्रिल कशाला हा त्याचा पुढचा प्रश्न असेल. सांगा की शाळेत असं फार क्वचित घडतं, हे खरंही आहे. बाई आणि पोलीस त्याची काळजी घेतात, आणि खोकला आला तर तोंडावर बाही धरायची, कुणी रागावणार नाही. त्याला सुटसुटीत उत्तर हवं असतं. मग शाळेला भेटा. हल्ल्याची हुबेहूब नक्कल करणारा सराव असेल तर टेक्सासच्या २०२१ च्या कायद्यानुसार शाळेने पालकांना आधी कळवायला हवं. मुलांना घाबरवणारे, न सांगता केलेले सराव टाळावेत, अशी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०२० पासूनची भूमिका आहे. मुख्याध्यापकांना विचारा की ड्रिलच्या आधी आणि नंतर समुपदेशक मुलांशी काय बोलतात.

नुसती शाळेची दारं भक्कम करून भागत नाही, हे टेक्सासइतकं कुणी पाहिलेलं नाही. युवाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पावणेचारशेच्या आसपास पोलीस आणि अधिकारी तिथे पोचले होते, तरी वर्गात शिरायला सत्तर मिनिटांहून जास्त वेळ लागला. मारेकऱ्याने अठरा वर्षं पूर्ण होताच रायफली दुकानातून कायदेशीर विकत घेतल्या होत्या. २०१८ मध्ये सांता फे हायस्कूलमध्ये दहा माणसं मारणारा विद्यार्थी बापाची शॉटगन आणि रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. सीक्रेट सर्व्हिस या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेच्या २०१९ च्या अहवालानुसार, शाळेत बंदुकीने हल्ला करणाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुलांनी ती स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरून आणली होती. तुमच्या शाळेची सुरक्षा अशा तऱ्हेने समोरच्या घरातल्या ड्रॉवरपाशी सुरू होते.

तुमच्या शेजारच्या ॲलन शहराची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. ६ मे २०२३, शनिवार, आउटलेट मॉलमध्ये गोळीबार, आठ माणसं मेली. त्यांत हैदराबादकडून आलेली एक तरुण भारतीय इंजिनिअर होती. आपल्या लोकांनी त्या आठवड्यात मेणबत्त्या लावल्या. त्याच आठवड्यात, सोमवारी, ऑस्टिनमध्ये विधानसभेच्या एका समितीने काही अर्धस्वयंचलित रायफली विकत घ्यायचं वय अठरावरून एकवीस करणारं विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे पाठवलं. दोन रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिलं. युवाल्डीच्या आईबापांनी महिनोन्महिने तिथे हेलपाटे घातले होते. पुढे ते सभागृहात चर्चेला घ्यायची मुदत टळली आणि विधेयक मेलं. आदल्याच वर्षी टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांनी डेमोक्रॅट ख्रिस मर्फी यांच्याबरोबर वाटाघाटी करून जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा संघीय कायदा घडवला, तेव्हा ह्यूस्टनच्या पक्ष अधिवेशनात त्यांच्याच लोकांनी आरडाओरडा करून त्यांना नीट बोलू दिलं नाही. मी त्यांच्या पक्षाची नाही, त्यांची बहुतेक मतं मला पटत नाहीत. पण तो कायदा झाला आणि त्यात त्यांचा हात होता, हे मान्य करायला हवं. इथे भिंत हलते ती अशी, इंचाइंचाने.

तुम्हाला मत देता येत नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत चुकूनही मतदार नोंदणीचा अर्ज भरू नका, ते फार महागात पडेल. पण आमदाराला पत्र लिहिता येतं, फोन करता येतो. शाळा मंडळाच्या सभेत बोलता येतं. 'मॉम्स डिमांड ॲक्शन' ही संघटना सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ डिसेंबर २०१२ ला, इंडियानातल्या शॅनन वॉट्स या एका आईने स्वयंपाकघरातून फेसबुक पान काढून सुरू केली. आज तिच्या शाखा सगळ्या राज्यांत आहेत, टेक्सासमध्येही. तिथे जाऊन बसलात तर निदान एकटं वाटणार नाही.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात नेमकं काम शाळा मंडळाकडे आहे. शस्त्र कुलपात ठेवण्याबद्दलची माहिती दर वर्षी सगळ्या पालकांना पाठवा, एवढीच मागणी करा. लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शाळा मंडळांनी तसा ठराव केला आहे. यात कुणाची बंदूक जात नाही, म्हणून टेक्सासमध्येही ही मागणी टिकते. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक टेबल मांडता येईल का तेही बघा. बंदूक उद्योगाच्याच एका कार्यक्रमातून अनेक पोलीस ठाण्यांवर तारेची कुलपं फुकट मिळतात, ती आणून ठेवा. घेणारे किती निघतात ते पाहून तुमचे यजमानही चकित होतील.

सभेत बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून लिहून न्या. सोबत दोघी-तिघी न्या. त्यांत शिकारीला जाणाऱ्या घरातली एखादी टेक्सन आई मिळाली तर फारच उत्तम. तिला आधी बोलू द्या आणि तुम्ही तिच्यानंतर उभ्या राहा.